म्हशीच्या शिंगाची मूठ

कुसुमावती पागे ही माझ्या आईची मावशी. ही हकिगत तिने आईला सांगितली तेव्हा तिचे यजमान वारून बरीच वर्षं झाली होती. आईने मला सांगितली तशी मी ती सांगते आहे.

कुसुमावतीचे यजमान जनार्दन रेल्वेत तारबाबू होते. घर झाशीत, खंडेराव गेटच्या आतल्या गल्लीत, आणि नोकरी जवळच्याच एका लहान स्टेशनावर. पुढच्या स्टेशनाला तारेने विचारायचं आणि रूळ मोकळा असल्याचा जबाब आला की गाडीला वाट द्यायची, हे त्यांचं काम. एकोणीसशे आठ-नऊच्या सुमाराला, थंडीतल्या एका धुकट सकाळी, त्या स्टेशनाबाहेर दोन मालगाड्या समोरासमोर आदळल्या. हल्के नावाचा सांधेवाला रूळ बदलायला गेला होता, तो डब्यांखाली सापडून मेला. शेजारच्या स्टेशनाचा बाबू म्हणाला, पागेबाबूंनी तारेने वाट मोकळी असल्याचं कळवलं होतं. जनार्दन म्हणाले, मी कळवलं नाही. चौकशी बसली आणि ती संपेपर्यंत जनार्दनांना घरी बसायला सांगण्यात आलं.

घरी बसलेला माणूस चिडेल, आरडाओरडा करेल, याची कुसुमावतीने तयारी ठेवली होती. जनार्दन मुळात वाद घालणारा माणूस. डाळीत हिंग आधी की मोहरी आधी यावरसुद्धा त्यांचं मत असायचं आणि ते दुसऱ्याला पटेपर्यंत जेवण थांबायचं. पण अपघातानंतर ते गप्प झाले. काहीही वाढलं तरी म्हणायचे, "छान झालंय." एकदा तिच्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं. ती त्यांनी वाटीभर खाल्ली आणि म्हणाले, "छान झालंय." तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली.

मग एका दुपारी त्यांनी विचारलं, "गोपाळरावांकडे तुझं बरं चालेल ना गं?"

गोपाळराव हा तिचा थोरला भाऊ, ग्वाल्हेरला असे.

"माझं कशाला चालायला हवं तिकडे?"

"सहज विचारलं."

तिने पुढे काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती नवऱ्यावर लक्ष ठेवायला लागली. मागच्याच वर्षी वामन नावाच्या एका बुकिंग क्लार्कने विहीर जवळ केली होती. त्याच्या बायकोने नंतर रडत रडत सांगितलं होतं की त्या सकाळी ते किती मजेत होते, दोनदा चहा मागितला. हे कुसुमावतीच्या मनातून जात नव्हतं. जनार्दन विहिरीकडे पाणी काढायला गेले की ती काहीतरी निमित्त काढून मागे जायची. दार लोटून बसले की ती बाहेर भांडी वाजवत राहायची, कारण तेवढ्यात ते "काय गोंधळ आहे हा!" म्हणून ओरडतील अशी तिला आशा असे. ते ओरडत नसत.

त्यांची दाढी वाढली होती. परसादी नावाचा नाई वर्षानुवर्षं घरी येऊन त्यांची हजामत करायचा, तो यायचा बंद झाला होता. गल्लीतल्या बायका तिला विचारायला लागल्या, कुणाचं सुतक आहे का?

आणि एका सकाळी जनार्दन म्हणाले, "मला एक वस्तरा आणायचाय. माझा स्वतःचा."

त्या काळात आमच्या घरांमधून वस्तऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती. हजामत म्हणजे नाई, अंगणाचा कोपरा आणि नंतर आंघोळ. घरात वस्तरा ठेवणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

"परसादी कुठे गेला?"

"तो चुगल्या करतो. इथे ऐकलेलं साहेबांच्या कारकुनांना जाऊन सांगतो. मीच त्याला येऊ नको म्हटलं."

ती "बरं" म्हणाली. संध्याकाळी देवळात जाते असं सांगून तिने गेटपाशी परसादीला गाठलं. चुगलीबद्दल विचारलं. परसादी आधी रागावला, मग त्याने मान खाली घातली.

"किसी ने मना नहीं किया, बहूजी. हमने खुद ही आना छोड़ दिया."

"का?"

तो सांगेना. तिने पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, शेवटच्या खेपेला बाबूजींनी वस्तरा त्याच्या हातातून घेतला, उन्हात धरला आणि विचारलं, "परसादी, कटे तो उसी दम पता चलता है, या बाद में?" परसादीने वस्तरा परत घेतला, हजामत तशीच अर्धी टाकली आणि पेटी उचलून निघून आला. माझ्या हत्यारानं काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू, असं तो म्हणत राहिला.

घरी येताना ती हिशेब मांडत राहिली. दोघांतला एक खोटं बोलत होता. परसादी खोटं बोलत असेल तर तो खरंच चुगलखोर. नवरा खोटं बोलत असेल तर त्याला वस्तरा कशासाठी हवा होता? भावाला बोलावून घ्यावं असंही तिच्या मनात आलं. पण घरात माणसं जमली की जनार्दनांना कळणार की सगळ्यांनी त्यांची आशा सोडली आहे. आणि नको म्हणून तरी काय होणार होतं? विहीर होती, रूळ होते. वस्तरा निदान डोळ्यांसमोर राहील. शिवाय त्यांना खरोखरच दाढी करायची असेल तर? मग बायकोसुद्धा आपल्यावर विश्वास ठेवत नाही हे त्यांना त्याच दिवशी कळणार.

ती म्हणाली, "मीही येते सदर बाजारात. मला लोकर घ्यायची आहे."

"तू? बाजारात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. दाढीवरून म्हणतच आहेत."

एक्क्यातून ते सदर बाजारात गेले. तिथे पलटणीचे गोरे सोजीर सामान घ्यायचे म्हणून विलायती वस्तू मिळत. दुकान एका लालाजींचं होतं. त्यांनी बाईमाणसाला बसायला स्टूल दिलं, एक चपटी पेटी उघडली आणि समोर ठेवली. मखमलीवर वस्तरे ओळीने मांडलेले होते. वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ फळ्या, मिटला की पातं त्यांच्यामध्ये जाऊन बसतं. पाती सगळी सारखीच दिसत होती. फरक होता तो मुठींचा.

जनार्दनांनी हाताला लागला तो पहिला वस्तरा उचलला, उघडला, धारेकडे पाहिलं.

"ये दे दीजिए."

मुठीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं.  उभा जन्म डाळीतल्या हिंगावरून भांडलेला माणूस, स्वतःच्या हातात रोज धरायची वस्तू घेतो आणि ती कशाची आहे ते बघत नाही.

"थांबा," ती म्हणाली. "मूठ कसली आहे?"

"असेल कसलीतरी."

"हाडाची दिसते. बारीक काळे ठिपके आहेत बघा."

"मग?"

"मग म्हणजे? घरात हाड आणायचं? कुणाचं हाड?"

लालाजी पुढे झुकले. "ऊँट का है, बाईसाहब. कसम से."

"ऊँट ने खुद बताया आपको?"

लालाजी हसले. जनार्दन हसले नाहीत, पण त्यांनी तो वस्तरा खाली ठेवला. तिला हाडाचं तेवढं काही वाटत नव्हतं. तिला फक्त वेळ हवा होता. त्या पेटीतला प्रत्येक वस्तरा त्यांनी हातात धरावा, बघावा, त्याला नावं ठेवावीत, असं तिला वाटत होतं.

लालाजींनी पांढरीशुभ्र मूठ पुढे केली. "हाथीदाँत. असली."

तिने ती घेतली. पदराच्या टोकाने जोरात घासली आणि नाकाशी नेली. वास ओळखीचा होता, रोजच्या आरतीतला.

"अहो, याला कापराचा वास येतोय."

"पूजा के सामान के पास रखा था, बाईसाहब."

जनार्दनांनी तिच्या हातातून वस्तरा घेतला. त्यांनीही मूठ घासली, हुंगली. त्यांची डावी भुवई वर गेली. ती भुवई तिने अपघातानंतर हललेली पाहिली नव्हती.

"लालाजी, ये हाथीदाँत नहीं, सेल्युलॉइड है. दिया दिखाओ तो भभक उठेगा." मग ते तिच्याकडे वळले. "आमच्या एका गार्डाचा कंगवा होता याचा. कंदिलाशी धरून बघत होता तुटलाय का, तर हातातच पेटला."

"कसा काय पेटला?"

तिने असं विचारलं जणू तिला त्या कंगव्याशिवाय जगात दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. गार्डाची मिशी कशी करपली तेसुद्धा. लालाजीही ऐकत राहिले. खोटं पकडलं गेल्याचं त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मग शिसवी मूठ निघाली. ती तिला आवडली. जनार्दन म्हणाले, लाकूड रोज पाण्यात राहून फुगेल आणि पातं आत अडकेल. ती म्हणाली, पोळपाट नाही फुगत इतकी वर्षं. ते म्हणाले, पोळपाटात पातं मिटवावं लागत नाही. त्यांचा आवाज चढला होता. ती मनातून देवाला हात जोडत होती.

"तो फिर ये देखिए," लालाजी म्हणाले. "भैंस का सींग."

मूठ काळी, चकचकीत होती. जनार्दनांनी ती हातात घेतली आणि बोलता बोलता थांबले. अंगठा तिच्यावरून फिरवला. मग त्यांचं मधलं बोट आपोआप हललं आणि मुठीवर टकटक झाली, थोडी लांब, थोडी आखूड. तार पाठवताना व्हायची तशी. त्यांनी मूठ घासून हुंगली.

"हे शिंग नाही, कडक केलेलं रबर आहे," ते हळूच म्हणाले. "गंधकाचा वास येतोय. माझ्या तारेच्या यंत्राचं बटण याचंच आहे."

लालाजींना मराठी कळत नव्हतं. ते कौतुक सांगत राहिले. जनार्दनांनी तो वस्तरा पेटीच्या पार टोकाला सरकवला आणि म्हणाले, "ये हटाइए. कपड़ा डाल दीजिए इस पर." लालाजींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने रुमाल टाकला.

जनार्दन स्वतःच्या बोटाकडे बघत बसले. कुसुमावतीला वाटलं, गेलं, हाताशी आलेलं सगळं गेलं. तिने स्वतःच पेटीत हात घातला आणि कोपऱ्यातला एक वस्तरा काढला. त्याची मूठही काळपट होती पण तिला चकाकी नव्हती. तिने ती दाराच्या उजेडात धरली. आतून मधाच्या रंगाची एक रेघ दिसली.

"हे बघा हो. यातून उजेड दिसतोय."

ते मग वळले.

"हं. हे खरं शिंग."

आता वादाला काहीतरी हवं होतं. ती म्हणाली, "पण शिंग चालेल का घरात?"

"का नाही चालणार? अभिषेकाची शृंगी कशाची असते?"

"ती देवाची."

"देवाला चालतं आणि मला चालत नाही? तू तर देवापेक्षा सोवळी!"

हा वाद ती मुद्दाम हरली. शिंगाची मूठ घेऊन ते निघाले.

पण एक्क्यात बसल्यावर पुन्हा वामन क्लार्क तिच्या डोळ्यांपुढे आला. तोही मजेत होता, त्यानेही दोनदा चहा मागितला होता. जनार्दन रस्त्यावरची गंमत बघत होते. इतके खुशीत का? तिने वस्तऱ्याची डबी त्यांच्या मांडीवरून उचलली.

"माझ्या पिशवीत राहू दे. लोकरीबरोबर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण डबी मागितली नाही.

सकाळी तिने अंगणात तांब्या, साबण आणि आरसा मांडला, पिशवीतून वस्तरा काढून दिला आणि समोर लोकर घेऊन बसली. तिला विणकाम फारसं येत नव्हतं. ती नुसत्या सुया हलवत होती. जनार्दनांनी गालाला फेस लावला. वस्तरा आडवा लागला, गालातून रक्त आलं. दुसऱ्या खेपेला कानाजवळ. तिसऱ्या खेपेला पातं हनुवटीच्या खाली गेलं आणि ती उठून उभी राहिली. लोकरीचा गुंडा अंगणभर घरंगळत गेला.

जनार्दनांनी हात थांबवला. पातं गळ्याशीच होतं.

"तू माझ्या दाढीकडे बघत नाहीस. गळ्याकडे बघतेस."

"हो."

"परसादीला भेटलीस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"तुम्ही त्याला काय विचारलंत ते."

त्यांनी वस्तरा खाली घेतला.  फेस गालावर सुकत होता.

"तो खरं बोलला," ते म्हणाले. "चुगल्यांचं मी रचलं. बिचाऱ्याचं नाव उगीच खराब केलं."

"मग बाजारात गेलात ते कशासाठी?"

"दुकानात शिरेपर्यंत माझं मलाच ठाऊक नव्हतं."

"आणि आता?"

"आता अर्धी दाढी झाली आहे. तेवढी पुरी करू दे."

तिला रडू आलं नाही. तिच्या मनात दुसराही एक संशय होता. तो तिने स्वतःपाशीसुद्धा कबूल केला नव्हता. तो आता तोंडातून गेला.

"त्या दिवशी वाट तुम्ही दिली होतीत का?"

जनार्दन आरशात बघत म्हणाले, "काल दुकानात माझं बोट चाललं ते पाहिलंस? मी चालवलं नव्हतं. इतकी वर्षं तेच ते शब्द पाठवून बोटं आपोआप चालतात. त्या सकाळी मला झोप अनावर झाली होती. बोटं चालली असतील तर मला माहीत नाही. चालली नसतील तरी माहीत नाही. नाही म्हणालो ते भीतीने."

"हे साहेबांना सांगाल?"

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. पण हे आतल्या आत ठेवून तुम्ही राहणार नाही, एवढं मला दिसतंय."

त्यांनी वस्तरा पुन्हा उचलला आणि हळूहळू, दोन ठिकाणी कापून घेत, उरलेली दाढी केली. ती शेवटपर्यंत उभीच होती. झाल्यावर तिने हात पुढे केला. त्यांनी वस्तरा धुऊन, पुसून, मिटून तिच्या हातावर ठेवला.

चौकशीत जनार्दनांनी तसंच सांगितलं. हल्केच्या घरी जाऊन त्याच्या बायकोलाही सांगितलं. ती त्यांना आत या म्हणाली नाही. पण दार लावूनही घेतलं नाही, ऐकून घेतलं. परसादीची माफी मागायला गेले तेव्हा त्याने पेटी मागे सरकवली. माफ केलं म्हणाला, पण पुन्हा त्यांच्या हजामतीला आला नाही. शेजारच्या स्टेशनाच्या बाबूचीही चूक निघाली. जनार्दनांची नोकरी गेली नाही, पण तारेच्या यंत्राला पुन्हा हात लावायचा नाही असा हुकूम झाला आणि त्यांना मोठला मालाचा कारकून म्हणून पाठवलं. मोठ म्हणजे कानपूरच्या वाटेवरचं बाजाराचं गाव. दिवसभर गव्हाची पोती, बैलगाड्या, धूळ. दोघं तिथे जाऊन राहिली. जनार्दन तिथल्या आडत्यांशी वाद घालायला लागले, आणि तेही त्यांच्याशी. वस्तरा रोज सकाळी पिशवीतून निघायचा आणि दाढी झाली की पिशवीत जायचा. कुसुमावती समोर बसून विणायची. आता तिला विणता यायला लागलं होतं.

पुढे गोपाळरावांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिला ग्वाल्हेरला जावं लागलं. जनार्दनांना रजा नव्हती. तिने सामान बांधलं, पिशवी घेतली. वस्तरा पिशवीतच होता. जनार्दनांनी ते पाहिलं. स्टेशनवर सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "लग्नात वऱ्हाडाची हजामत तू करणार वाटतं."  लग्न आटोपून परत आली तर फलाटावर जनार्दन दाढी वाढवून उभे. गावात नाई नव्हता असं नाही, पण ते कुणाकडे गेले नव्हते. आडत्यांना वाटलं होतं, बाबूजींनी कसलातरी नवस केला आहे.

"एवढंच सांगायचं होतं मला," ते म्हणाले. "की वस्तरा तू नेलास तरी चालतं."

दुसऱ्या वर्षी गोपाळराव आजारी पडले. पुन्हा तिने सामान बांधलं. या खेपेला पिशवीतून डबी काढून ती बराच वेळ हातात धरून उभी राहिली आणि मग खिडकीच्या फळीवर, आरशाशेजारी ठेवून निघाली. ग्वाल्हेरला तिचं भावाकडे लक्ष लागत नव्हतं. टपालवाला दिसला की ती उठून दारापाशी जायची. गोपाळराव उठून बसले तशी ती लगेच निघाली. झाशीला गाडी बदलली. चिरगाव गेल्यावर ती खिडकीपाशी सरकली आणि मोठचा फलाट दिसायच्या आधीपासून बाहेर बघत राहिली.

जनार्दन उभे होते. दाढी गुळगुळीत केलेली, डाव्या गालावर एक ताजी चीर.

"उशीर झाला गाडीला," ते म्हणाले.

"चिरगावला थांबवून ठेवली होती."

"का?"

"मला काय माहीत का? पुढे मालगाडी असेल."

"मालगाडी नाही. आज या वेळेला मालगाडी नसते," जनार्दन म्हणाले, आणि तिचं सामान उचलून चालता चालता त्यांनी या रुळावर कुठली गाडी कधी असते ते सांगायला सुरुवात केली.